आकृतीचें स्थानांतर

चौकडीच्या कागदावर दोन रेघा ओढाव्या. एक आडवी, एक उभी. त्या जेथें एकमेकींस छेदतात तेथून मोजणीस आरंभ करावयाचा. उजवीकडे जितकीं घरें जावें लागेल तो पहिला अंक, आणि वर जितकीं घरें चढावें लागेल तो दुसरा. डावीकडे किंवा खालीं जावें लागल्यास अंकाच्या आधीं ऋणचिन्ह मांडावयाचें. एवढ्या सामग्रीवर कागदावरील कोणत्याहि बिंदूचें ठिकाण दोन अंकांत सांगतां येतें. ज्या श्रोत्यांच्या हाताशीं कागद-पेन्सिल असेल त्यांनीं (१, १), (४, १) आणि (१, ५) हे तीन बिंदु मांडून एकमेकांस जोडावे. काटकोन-त्रिकोण तयार होईल. त्याची आडवी बाजू तीन घरें, उभी चार घरें, आणि पायथागोरसच्या सिद्धांतानें तिरपी बाजू पांच.

आतां हा त्रिकोण उचलून सहा घरें उजवीकडे व दोन घरें खालीं न्यावयाचा आहे. त्यासाठीं कात्री नको, कर्कटकहि नको. प्रत्येक बिंदूच्या पहिल्या अंकांत सहा मिळवावे, दुसऱ्यांतून दोन वजा करावे. (७, −१), (१०, −१), (७, ३). त्रिकोण नव्या जागीं जाऊन बसला. त्याच्या बाजू पुन्हां मोजण्याचें कारण नाहीं. कारण बाजूची लांबी निघते ती दोन अंकांच्या वजाबाकीवरून, आणि दोन्ही अंकांत सारखीच भर घातली तर वजाबाकी जशीच्या तशी राहते. दहांतून सात गेले काय आणि चारांतून एक गेला काय, बाकी तीनच.

बारा वर्षांचा मुलगा हें पांच मिनिटांत करतो. परंतु हें सोपें होण्यास युक्लिडपासून पुढें जवळजवळ दोन हजार वर्षें जावीं लागलीं. अडचण बेरजेची नव्हती. अडचण होती ती ‘उचलून’ या शब्दांत.

इसवी सनापूर्वीं सुमारें ३०० या सुमारास युक्लिडनें ‘मूलतत्त्वें’ हा ग्रंथ रचला. त्याच्या पहिल्या भागांतील चौथें प्रमेय शाळेंत शिकलेल्या प्रत्येकास आठवेल. दोन त्रिकोणांच्या दोन बाजू व त्यांमधील कोन सारखा असेल तर ते त्रिकोण सर्वतोपरी सारखे. त्याची सिद्धता अशी कीं, एक त्रिकोण दुसऱ्यावर ठेवावा. शिरोबिंदु शिरोबिंदूवर, बाजू बाजूवर. म्हणजे उरलेलेंहि बरोबर बसेल. पण ठेवावा म्हणजे काय करावें? भूमितींतील त्रिकोण कांहीं पत्र्याचा नसतो. तो कल्पनेंतला आहे. त्याला हात लावतां येत नाहीं. आणि ‘नेतांना तो वांकला नाहीं’ याची हमी कोण देणार? खुद्द युक्लिडलाहि ही रीत फारशी रुचली नसावी असें वाटण्यास जागा आहे. कारण त्याच भागांतील दुसऱ्या प्रमेयांत एक साधी रेषा एका ठिकाणाहून दुसऱ्या बिंदूपाशीं नेण्यासाठीं त्यानें एक समभुज त्रिकोण काढला, मग वर्तुळें काढलीं, आणि केवढ्या तरी सायासानें ती रेषा तेथें पोंचविली. उचलून ठेवण्यास मुभा असती तर एवढा खटाटोप कशाला?

ही विसंगति सोळाव्या शतकांतील फ्रेंच गणिती झाक पेलेतिये यानें १५५७ सालीं काढलेल्या युक्लिडच्या आवृत्तींत स्पष्टपणें दाखविली. असली उचलाउचल भूमितीच्या प्रतिष्ठेस शोभत नाहीं असें त्याचें म्हणणें. त्याच्याहि कितीतरी आधीं, १०७७ सालीं, उमर खय्यामनें हाच आक्षेप घेतला होता. माधव जूलियन यांच्या भाषांतरामुळें मराठी वाचकांस रुबायांचा कर्ता म्हणून ठाऊक असलेला हाच तो खय्याम. पण त्याच्या काळीं त्याची कीर्ति होती ती गणिती व ज्योतिषी म्हणून. समांतर रेषांचें प्रमेय सिद्ध करण्यासाठीं इब्न अल्-हैथम यानें एक रेषा दुसरीवरून सरकत नेली, तेव्हां भूमितीचा आणि गतीचा संबंध काय, असा खडा सवाल खय्यामनें टाकला. त्याचा सवाल रास्त होता. त्याला समाधानकारक उत्तर देण्याचें साधन मात्र त्या काळीं कोणापाशींच नव्हतें.

येथें आपल्याकडील एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. या दोन अंकांस मराठी पुस्तकांत भुज आणि कोटि अशीं नांवें आहेत, व तीं भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ सारख्या ग्रंथांतून आलेलीं आहेत. यावरून कांहीं उत्साही मंडळी असा निष्कर्ष काढतात कीं सर्व कांहीं आपल्या पूर्वजांस अवगत होतें. तसें म्हणणें बरोबर नाहीं. ‘लीलावती’ १२ व्या शतकांतली. तिच्यांतील भुज व कोटि या एका विशिष्ट काटकोन-त्रिकोणाच्या दोन बाजू होत. सबंध पातळीवरील प्रत्येक बिंदूस दोन अंक देऊन त्यांतून वक्ररेषेचें समीकरण लिहावें, ही कल्पना तेथें नाहीं. शब्द आपले आहेत, सुंदर आहेत, आणि नव्या अर्थानें ते उत्तम रुळले आहेत. अभिमानास तेवढें पुरे आहे.

ही कल्पना आली ती सतराव्या शतकांत, आणि तीहि एकाच वेळीं दोघांना. १६३७ च्या जून महिन्यांत हॉलंडमधील लायडन शहरीं एक फ्रेंच पुस्तक निघालें. त्यावर लेखकाचें नांव नव्हतें. विचार करण्याच्या पद्धतीवर एक निबंध व त्यास जोडलेले तीन लेख, असें त्याचें स्वरूप. तिसरा लेख ‘भूमिति’. लेखक होता रने देकार्त. विद्वानांची भाषा लॅटिन असतां त्यानें हें पुस्तक आपल्या मातृभाषेंत लिहिलें, ही गोष्ट मराठी वाचकानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे. भूमितीचा प्रश्न बीजगणिताच्या भाषेंत मांडावा, सोडवावा, आणि उत्तर पुन्हां आकृतींत आणावें, हा त्याचा मार्ग. अज्ञात राशींस वर्णमालेंतील शेवटचीं अक्षरें देण्याची आजची चालहि त्याच्याच पुस्तकापासून दृढ झाली.

देकार्तविषयीं एक गोष्ट वर्गावर्गांतून सांगतात. तो आजारी पडून बिछान्यांत होता. छतावर माशी फिरत होती. ती दोन भिंतींपासून किती अंतरावर आहे हें पाहतां पाहतां त्याला ही युक्ति सुचली. गोष्ट गोड आहे, मुलांना आवडते. पण तिला समकालीन आधार नाहीं. इतकेंच नव्हे तर त्याच्या ‘भूमितीं’त आज ज्याला आपण चौकडीचा कागद म्हणतों त्याचा मागमूसहि नाहीं. आडवा व उभा असे दोन ठरीव अक्ष तेथें सांपडत नाहींत. प्रश्नांत आलेल्या रेषांपैकींच एक तो मुख्य धरतो, तिच्यावरील एका बिंदूपासून मोजतो, आणि दुसरी मोजणी कोणत्याहि तिरक्या दिशेनें करतो. ऋण अंकांवर तर त्याचा विश्वासच कमी. समीकरणाच्या ऋण मुळांस तो ‘खोटीं मुळें’ म्हणे. आरंभीं काढलेला आपला त्रिकोण आडव्या रेघेच्या खालीं उतरला, तेथेंच तो देकार्तच्या कागदावरून नाहींसा झाला असता.

दुसरा मनुष्य पिएर द फर्मा. हा दक्षिण फ्रान्समधील तुलूझच्या न्यायसभेंत अधिकारी होता. गणित हा त्याचा फुरसतीचा छंद. देकार्तचें पुस्तक हातीं पडण्यापूर्वींच त्यानें एक छोटें प्रकरण लिहून पॅरिसमधील मित्रांकडे धाडलें होतें. त्यांत त्यानें सांगितलें कीं समीकरणांत दोन अज्ञात राशि असल्या म्हणजे एका रेषेचें टोंक फिरत जाऊन सरळ वा वक्र रेषा निर्माण करतें. देकार्त आकृतीकडून समीकरणाकडे जातो. फर्मा समीकरणाकडून आकृतीकडे येतो. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, वांकड्यातिकड्या दिसणाऱ्या समीकरणाचें रूप साधें करण्यासाठीं आरंभबिंदु हलवावा, ही युक्ति फर्माच्या या प्रकरणांत आहे.

सोपे आंकडे घेऊन ती अशी दाखवितां येईल. समजा, पहिल्या अंकास क्ष व दुसऱ्यास य म्हटलें, आणि समीकरण असें आहे :

क्ष × य = २ क्ष + ३ य

ही कोणती रेषा? पाहतांक्षणीं सांगतां येणार नाहीं. उजवीकडील दोन्ही पदें डावीकडे आणून दोन्ही बाजूंस सहा मिळवावे, म्हणजे तेंच समीकरण असें होतें :

(क्ष − ३) × (य − २) = ६

आतां मोजणीचा आरंभ (३, २) या बिंदूपासून केला तर कंसांतील राशि हेच नवे अंक होतात, आणि राहतें तें इतकेंच कीं दोन अंकांचा गुणाकार सहा. हें अपास्ताचें समीकरण होय. फर्माच्या पूर्वींपासून ती रेषा सर्वांच्या परिचयाची होती. रेषा मूळचीच होती, जागच्या जागीं होती; हलला तो मोजणारा. खय्यामच्या सवालाचें उत्तर याच वाटेनें यावयाचें होतें. आकृति हलविली काय किंवा मोजणीचा आरंभ उलट दिशेनें हलविला काय, अंकांच्या दृष्टीनें दोन्ही एकच. मग आकृति वाटेंत वांकली कीं काय, ही शंका उरतच नाहीं. कारण तिला हात लागलेलाच नाहीं.

पण फर्मा छापण्याचा कंटाळा करी. त्याचें हें प्रकरण १६७९ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर चवदा वर्षांनीं, त्याच्या मुलानें प्रसिद्ध केलें. तोंपर्यंत देकार्तचें नांव युरोपभर झालें होतें. आज या अक्षांस देकार्तचेंच नांव आहे. फर्मावर हा अन्यायच झाला; त्यांत फर्माचा स्वतःचा वांटाहि मोठा आहे. जो छापीत नाहीं त्याचें श्रेय काळ दुसऱ्याच्या खातीं जमा करतो.

देकार्तचें पुस्तकहि वाचण्यास दुर्घटच होतें. सोप्या पायऱ्या त्यानें मुद्दाम गाळल्या होत्या. तें विद्यार्थ्यांच्या आटोक्यांत आणलें लायडनच्या फ्रान्स व्हान स्कूटेन या शिक्षकानें. लायडन येथें १६०० सालापासून मोजणीदार व किल्ले बांधणारे स्थापत्यकार तयार करण्यासाठीं एक शाळा चालत असे, आणि तेथील गणित लॅटिनमध्यें न शिकवितां डच भाषेंत शिकवीत. स्कूटेनचे वडील तेथें शिकवीत. त्यांच्या मागून तो. समुद्र हटवून जमीन काढावयाची, मग दोरी लावून तिचे चौकोन पाडावयाचे, हा त्या देशाचा उद्योगच होता. १६१२ सालीं कोरडा केलेला बेम्स्टर हा प्रदेश आजहि वरून पाहिल्यास चौकडीच्या कागदासारखा दिसतो. स्कूटेननें देकार्तची ‘भूमिति’ १६४९ सालीं लॅटिनमध्यें आणली, तिला भरपूर टीपा जोडल्या, आणि पुढें १६५९ ते १६६१ या काळांत तिची दोन खंडांची वाढविलेली आवृत्ति तयार केली. मूळ मजकुराच्या कित्येक पट मजकूर तीत शिष्यांचा होता. विद्या ग्रंथकारापाशीं जन्मते हें खरें, पण ती जगते शिकविणाऱ्यांच्या हातीं. दुसरा खंड बाहेर पडण्यापूर्वींच, १६६० सालीं, स्कूटेन वारला.

त्या दुसऱ्या खंडांत ‘वक्ररेषांचीं मूलतत्त्वें’ या नांवाचा एक ग्रंथ आहे. त्याचा कर्ता यान द विट. हा १६२५ सालीं डोर्ड्रेख्ट गांवीं जन्मला, कायदा शिकला, आणि स्कूटेनपाशीं गणित शिकला. ग्रंथाचा खर्डा त्यानें तरुणपणींच केला होता. पुढें त्याला गणितास वेळ मिळाला नाहीं, कारण १६५३ सालीं वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षीं तो हॉलंड प्रांताचा मुख्य कारभारी झाला, आणि पुढें जवळजवळ वीस वर्षें त्या लहानशा पण बलाढ्य व्यापारी प्रजासत्ताकाचें सुकाणूं त्याच्या हातीं राहिलें. मजकूर तपासून, आकृति काढून छापण्याजोगा करण्याचें काम त्याच्या गुरूनें केलें.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. ग्रीकांनीं अन्वस्त, लंबवर्तुळ व अपास्त या रेषा शंकु कापून मिळविल्या होत्या. द विटनें पहिल्या भागांत शंकु बाजूस ठेवला. सपाट पृष्ठभागावर कोन फिरवून, रेषा सरकवून त्यानें याच रेषा निर्माण केल्या. पेलेतियेला जी गति भूमितीच्या प्रतिष्ठेस न शोभणारी वाटली ती येथें पुढच्या दारानें आंत आली. दुसऱ्या भागांत बीजगणित आहे, आणि तेथें द विटचा खरा पराक्रम दिसतो. दोन अज्ञातांचें, वर्गापर्यंतच्या पदांचें समीकरण कितीहि गुंतागुंतीचें असो. आरंभबिंदु सरकवावा, जरूर तर अक्ष वळवावा, म्हणजे तें ठरलेल्या साध्या रूपांपैकीं एकांत येऊन बसतें, हें त्यानें प्रकारामागून प्रकार घेऊन पद्धतशीर दाखविलें. सोपा मासला द्यावयाचा तर :

य = क्ष² − ६ क्ष + ११

यांत अकरांचे नऊ व दोन असे भाग पाडले कीं

य − २ = (क्ष − ३)²

असें होतें. म्हणजे ही निराळी कोणी नसून तीच साधी, एका अंकाचा वर्ग दुसऱ्याइतका असणारी अन्वस्त रेषा आहे. ती फक्त तीन घरें उजवीकडे व दोन घरें वर जाऊन बसली आहे. एक सर्वव्यापी सूत्र द विटनें दिलें नाहीं. पण दिसण्यांत निराळ्या असलेल्या अनेक आकृति वस्तुतः एकच आहेत, त्यांची जागा तेवढी वेगळी, हें ओळखण्याची रीत त्याच्या ग्रंथानें शिकवली.

ज्या मनुष्यानें हें लिहिलें त्याचा शेवट मात्र भयंकर झाला. १६७२ हें वर्ष डच लोक आजहि अरिष्टाचें वर्ष म्हणून ओळखतात. फ्रान्स, इंग्लंड आणि दोन जर्मन संस्थानें एकदम त्या देशावर उठलीं. फ्रेंच फौजा आंत घुसल्या. बांध फोडून स्वतःचींच शेतें पाण्याखालीं घालून लोकांनीं पुढची वाट अडविली. लोकांचा सर्व संताप कारभाऱ्यावर वळला. जून महिन्यांत द विटवर सुऱ्याचे वार झाले. त्यांतून तो बरा झाला. ऑगस्टच्या ४ तारखेस त्यानें अधिकार सोडला. त्याचा भाऊ कॉर्नेलिस राजद्रोहाच्या आरोपावरून हेग येथील तुरुंगांत होता; त्याचा छळ करूनहि कबुलीजबाब मिळाला नव्हता, व त्याला हद्दपारीची शिक्षा झाली होती. २० ऑगस्ट १६७२ रोजीं भावाला नेण्यासाठीं यान द विट तुरुंगांत गेला. बाहेर जमाव जमला. जमावानें दोघांहि भावांस बाहेर ओढून ठार मारलें व त्यांच्या प्रेतांची विटंबना केली. आदल्याच वर्षीं या गृहस्थानें, सरकारनें लोकांस द्यावयाच्या आजन्म वर्षासनाची वाजवी किंमत मृत्यूच्या संभवावरून कशी काढावी, यावर एक निबंध लिहिला होता. आजचें विमागणित त्याची गणना आपल्या आद्य लेखांत करतें.

यापुढची हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. या दोन अंकांस एकत्र ‘सहनिर्देशक’ अशा अर्थाचा शब्द लायबनिझनें १६९२ सालीं वापरला. न्यूटननें तिसऱ्या घाताच्या रेषांचें वर्गीकरण १७०४ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत ७२ जाति आहेत, आणि त्या काढतांना त्यानें दोन्ही अक्षांवर ऋण अंक न कचरतां वापरले. आपला त्रिकोण आडव्या रेघेखालीं निर्भयपणें उतरूं शकतो तो येथपासून. पुढें १७४८ सालीं ऑयलरनें आरंभबिंदु सरकविणें व अक्ष वळविणें यांचीं सर्वसामान्य सूत्रें आपल्या ग्रंथांत मांडलीं, आणि द विटच्या एकेका प्रकाराचें काम दोन ओळींत होऊं लागलें.

खय्यामच्या मूळ सवालाकडे लक्ष गेलें तें आणखी सव्वाशें वर्षांनीं. द विटच्या मृत्यूस दोनशें वर्षें झालीं त्याच वर्षीं, १८७२ त, फेलिक्स क्लाइन हा २३ वर्षांचा तरुण जर्मनींतील एर्लांगेन विद्यापीठांत अध्यापक झाला. त्या प्रसंगीं त्यानें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत भूमितीची व्याख्याच पालटली. सरकविणें, वळविणें, उलटविणें अशा क्रियांचा एक समूह घ्यावा, आणि त्या केल्यावर आकृतीचे जे गुण बदलत नाहींत त्यांचा अभ्यास ती भूमिति, असें त्यानें प्रतिपादन केलें. गतीला भूमितींतून हुसकून लावण्याऐवजीं त्यानें तिला घराची मालकीण केलें. उलटपक्षीं डेव्हिड हिल्बर्टनें १८९९ सालीं युक्लिडच्या भूमितीचा पाया नव्यानें घातला तेव्हां ती उचलून ठेवण्याची सिद्धता त्यानें साफ काढून टाकली, आणि चौथ्या प्रमेयाचा गाभा गृहीततत्त्व म्हणूनच पत्करला. दोन्ही मार्ग निर्दोष आहेत. पेलेतियेला कदाचित् हिल्बर्ट आवडला असता. द विटला मात्र क्लाइनच जवळचा वाटला असता.

चौकडीचा कागद शाळांतून रूढ व्हावा म्हणून इंग्लंडांत जॉन पेरी यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं मोठी खटपट केली. आज तोच कागद संगणकाच्या पडद्यामागें दडलेला आहे. पडद्यावर चित्र सरकतें तें आपण केलेल्या बेरजेनेंच. प्रत्येक बिंदूच्या दोन अंकांत ठराविक भर, दुसरें कांहीं नाहीं. फरक इतकाच कीं तेथें बहुधा आरंभबिंदु डावीकडील वरच्या कोंपऱ्यांत धरतात, आणि दुसरा अंक खालीं जातांना वाढतो. त्यामुळें शाळेंतील आकृति जशीच्या तशी तेथें मांडली तर ती डोकें खालीं पाय वर अशी दिसते. तिला सरळ करण्यासाठीं प्रत्येक दुसरा अंक पडद्याच्या उंचींतून वजा करावा लागतो. उंची ६०० असेल तर (७, ३) या बिंदूचें ठिकाण (७, ५९७) होतें. आपल्या त्रिकोणाचे उरलेले दोन बिंदु, (७, −१) आणि (१०, −१), यांचा दुसरा अंक येतो ६०१. म्हणजे ते पडद्याच्या खालच्या कडेबाहेर पडतात. सबंध त्रिकोण दिसावयास हवा असेल तर त्याला आधीं निदान एक घर वर सरकवून घ्यावें लागतें.